खिशात न मावणारा यमन

32 मेगाबाइटमध्ये किती गाणं मावतं? 1998 साली बाजारात आलेल्या पहिल्या खिशातल्या डिजिटल प्लेअरांची कुवत एवढीच होती. दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन असो किंवा अमेरिकेतल्या डायमंड कंपनीचा रिओ, दोन्हींत त्या काळच्या रूढ दर्जाचं संगीत भरलं तर अर्ध्या तासाहून जेमतेम चार-पाच मिनिटं जास्त मावायचं. चार-चार मिनिटांची आठ गाणी त्यात आरामात बसत. निवांत विस्तारलेला एखादा यमन मात्र बसला नसता. विलंबित ख्याल रंगात येता येता जागा संपली असती आणि द्रुत बंदिश घरीच राहिली असती.

हा हिशेब मी केला तो फार नंतर, आईसाठी प्लेअर घेतला तेव्हा. काडेपेटीएवढा, पदराला अडकवता येईल असा चिमटा असलेला, 4 गिगाबाइटचा. वडिलांच्या मागे त्यांच्या कॅसेट उरल्या होत्या आणि टेपरेकॉर्डर बंद पडला होता. त्या कॅसेटमधलं गाणं या काडेपेटीत आणायचं, एवढाच माझा बेत होता. एका रविवारचं काम, असं मी धरून चालले होते. त्यात पावसाळा गेला. पण या उपकरणाबद्दल मला जे काही कळलं, ते त्याच पावसाळ्यात.

गाणं लहान कसं होतं, तिथून सुरुवात करू. सीडीवरचा आवाज म्हणजे आकड्यांची लांबच लांब माळ. ध्वनीच्या लहरीची उंची एका सेकंदात 44,100 वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजमाप 16 बिटांत लिहायचं, तेही डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळं. माणसाचा कान फार तर 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि एखादी लहर नीट पकडायला तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं, म्हणून हा 44,100चा आकडा. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे 14 लाख बिट होतात, म्हणजे मिनिटाला 10 मेगाबाइटच्या आसपास. तासाभराची मैफल 600 मेगाबाइटच्या वर जाते. नव्वदच्या दशकातल्या संगणकांना हे ओझं पेलणारं नव्हतं.

जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच दिशेने गेले. त्यांनी ध्वनीपेक्षा कानाचा जास्त विचार केला. आपला कान सगळं ऐकत नाही. मोठ्या आवाजाच्या शेजारचा, जवळपासच्याच पट्टीतला बारीक आवाज त्याला ऐकूच येत नाही. पखवाजावर जोरदार थाप पडते त्या क्षणी शेजारी कुणी वहीचं पान उलटलं तर ते आपल्याला कळत नाही, तसंच. मग जे ऐकूच येणार नाही ते लिहून ठेवायचं कशाला? एमपी3 करणारं सॉफ्टवेअर आवाजाचे साधारण 26 मिलिसेकंदांचे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकडा शेकडो बारीक स्वरपट्ट्यांत वाटतं, कोणत्या पट्टीतला आवाज कुणाखाली झाकला जातोय ते ताडतं आणि झाकल्या जाणाऱ्या भागाला कमी बिट देतं. 128 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला 128 हजार बिट, या दराने फाइल सीडीच्या अकराव्या हिश्शाएवढी उरते. ‘एमपी3’ हे फाइलच्या शेपटीचं नाव संस्थेतल्या लोकांनी 1995च्या जुलैमध्ये ठरवलं.

या पद्धतीची कसोटी घेताना ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान वेगा या अमेरिकन गायिकेचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं वापरलं. वाद्यं नाहीत, साथ नाही, नुसता एक आवाज. सुरुवातीच्या प्रयोगांत तो आवाज अगदी विद्रूप होऊन बाहेर पडला. कारण उघड आहे: वाद्यांचा कल्लोळ असला की त्याच्या आडोशाला चुका लपतात, एकट्या आवाजाला आडोसा नसतो. ते गाणं नीट ऐकू येईपर्यंत त्यांनी पुन्हा पुन्हा दुरुस्त्या केल्या. ही हकिकत मला फार जवळची वाटते, कारण आपलं ख्यालगायनही तसंच उघडं असतं. दोन तानपुरे, एक पेटी, विलंबित तबला आणि मध्ये एकटा माणूस.

आता आपल्या संगीताला या पद्धतीत कुठे खरचटतं ते सांगते. टाळ आणि झांज यांचा चमचमाट वरच्या टोकाच्या स्वरांत असतो. 128च्या दराने फाइल करताना बहुतेक सॉफ्टवेअर साधारण 16 हजार हर्ट्झच्या वरचा भाग सरळ कापून टाकतात. मग टाळ वाजतो, पण पाण्याखाली वाजल्यासारखा. दुसरी जागा तबल्याची. चाटेवर बोट पडतं तो आवाज एका क्षणात उसळतो. तो ज्या तुकड्यात येतो त्या अख्ख्या तुकड्यावर चुकीची धूळ पसरते, अगदी बोल पडण्याच्या आधीच्या भागातही. म्हणजे आघाताच्या किंचित आधी त्याची खरखर ऐकू येते. यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअर अशा ठिकाणी तुकडे लहान करतं, पण कमी दराच्या फाइलमध्ये तेवढ्याने भागत नाही. मी कान देऊन बरेच प्रयोग केले. एकल गायनाला 192 केबीपीएस पुरतो, टाळमृदंगाच्या भजनाला 256च्या खाली जाऊ नये, या मतावर आले. ज्यांना एक कणही गमवायचा नाही त्यांच्यासाठी फ्लॅक नावाची पद्धत आहे. ती काहीच टाकून देत नाही, नुसती घडी बारीक घालते. फाइल मूळ आकाराच्या साधारण निम्म्यावर येते. आज मेमरी कार्डं इतकी मोठी आहेत की जपून ठेवायची प्रत फ्लॅकमध्येच करावी आणि प्लेअरमध्ये भरायला तिच्यावरून एमपी3 काढावी.

रिओ बाजारात यायच्या बेतात असतानाच अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. हे यंत्र चोरीला उत्तेजन देतं, असं तिचं म्हणणं. 1999च्या जूनमध्ये अपील न्यायालयाने डायमंडच्या बाजूने निकाल दिला. माणसाच्या संगणकावर आधीच असलेलं गाणं त्याने खिशातून नेण्यासाठी उतरवून घेतलं तर तो खासगी वापर आहे, असा त्याचा आशय होता. खिशातल्या प्लेअरचं सगळं पुढचं आयुष्य या निकालाच्या आधारावर उभं राहिलं. आपल्याकडे या वादाचं रूप वेगळं होतं. तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानाबाहेर ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असायची आणि कार्ड दिलं की दुकानदार शे-दोनशे गाणी एका दमात ओतून द्यायचा. त्यात कवी, संगीतकार, गायक कुणालाही दमडी मिळत नसे, हे मला कायम खुपत आलं आहे. शिवाय ते गाणं ऐकणाऱ्याचंही होत नसे. दुकानदाराच्या संगणकातला तो ढीग होता, त्यातलं निम्मं कुणी कधी ऐकतही नसे.

2001च्या 23 ऑक्टोबरला आयपॉड आला आणि जागेचा प्रश्न एका फटक्यात मिटला. अॅपलचे जॉन रुबिनस्टाइन त्या वर्षी फेब्रुवारीत जपानला गेले असताना तोशिबाच्या लोकांनी त्यांना 1.8 इंची हार्ड डिस्क दाखवली. क्षमता 5 गिगाबाइट. तिचं नेमकं करायचं काय, हे तोशिबालाच ठरवता येत नव्हतं. रुबिनस्टाइनना ते तिथल्या तिथे कळलं. टोनी फॅडेल यांच्या हाताखालच्या चमूने वर्ष संपायच्या आत यंत्र उभं केलं. त्यातली मुख्य चिप आणि तिचं मूळ सॉफ्टवेअर पोर्टलप्लेअर या कंपनीचं होतं, आणि तिच्या अभियंत्यांचा मोठा गट हैदराबादेत बसून काम करत होता.

आयपॉडमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट बाहेरून दिसत नाही. फिरती डिस्क बॅटरी खाते आणि धक्का बसला की अडखळते. म्हणून आत 32 मेगाबाइटची वेगळी स्मृती होती. डिस्क थोडा वेळ फिरायची, पुढच्या वीसेक मिनिटांचं संगीत या स्मृतीत ओतायची आणि झोपायची. गाणं वाजायचं ते स्मृतीतून. विहिरीवरून घागर भरून आणावी आणि घरात पेल्याने पाणी घ्यावं, तसा हा कारभार. त्यामुळेच एका चार्जिंगमध्ये 10 तास गाणं चालायचं. तीन वर्षांपूर्वी रिओची जेवढी सगळी कुवत होती, तेवढी आता नुसती घागर झाली होती.

‘खिशात 1000 गाणी’ अशी आयपॉडची जाहिरात होती. हे माप चार मिनिटांच्या गाण्याचं. तेच 5 गिगाबाइट पाऊण तासाच्या ख्यालांनी भरले तर 90च्या आसपास ख्याल बसतील. तेही काही कमी नाही. 78च्या तबकड्यांच्या काळात आपल्या गवयांना एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांत राग आटपावा लागे, हे आठवलं की 90 पूर्ण ख्याल खिशात घेऊन फिरणं मला आजही अचाट वाटतं. पण माप चार मिनिटांच्या गाण्याचंच राहिलं, आणि खरी अडचण तिथून पुढे आहे. प्लेअरने जगातलं सगळं संगीत तीन खणांत बसवलं होतं: गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम.

भावगीताचा कलाकार कोण? आकाशवाणीवर निवेदक कवीचं, संगीतकाराचं आणि गायकाचं, अशी तिन्ही नावं सांगत आला. नाट्यपदाला तर नाटक कोणतं आणि राग कोणता हेही लागतं. प्लेअरमध्ये खण एकच. मी गायकाचं नाव लिहिलं की कवी नाहीसा होई. शेवटी संगीतकारासाठी असलेल्या खणात संगीतकार, अल्बमच्या जागी नाटक, आणि कवीचं नाव गाण्याच्या नावापुढे तिरकी रेघ मारून, अशी रचना ठरवली. शास्त्रीय गायनाला गाण्याच्या नावाच्या जागी आधी राग, मग बंदिशीचे दोन शब्द.

ही माहिती फाइलमध्ये नेमकी कुठे असते? 1996 साली एरिक केम्प यांनी युक्ती काढली की एमपी3 फाइलच्या अगदी शेवटी 128 बाइटची एक चिठ्ठी चिकटवायची. तिला आयडी3 म्हणतात. त्यात गाण्याच्या नावाला 30 बाइट, कलाकाराला 30, अल्बमला 30. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून तिथे 30 अक्षरं. पुढे रूढ झालेल्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, आणि मात्रा, हलन्त ही सुद्धा स्वतंत्र चिन्हं धरली जातात. म्हणजे या चिठ्ठीत आपली दहाच चिन्हं. ‘मल्लिकार्जुन’ लिहायला घेतलं तर ‘मल्लिकार्ज’ इथे चिठ्ठी संपते. पंडित मल्लिकार्जुन मन्सूरांचं आडनाव सोडा, पहिलं नावही पुरं होत नाही. संगीतप्रकारासाठी मूळ चिठ्ठीत 80 पर्यायांची ठरलेली यादी होती. तिच्यात पोल्का होता, ख्याल नव्हता.

नंतर आयडी3ची दुसरी आवृत्ती आली. ती फाइलच्या सुरुवातीला बसते आणि तिच्यात जागेची चणचण नाही, युनिकोडही चालतं. पण फाइलमध्ये देवनागरी असून भागत नाही, प्लेअरच्या पडद्यालाही ती यावी लागते. आईच्या प्लेअरवर नावांच्या जागी नुसते चौकोन आले. दुसऱ्या एका प्लेअरवर अक्षरं आली पण जोडाक्षरं फुटलेली, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर. शेवटी रोमन लिपीकडे वळावं लागलं, आणि तिथे नवाच गोंधळ. भीमसेन जोशींच्या फाइली मला तीन ठिकाणांहून मिळाल्या होत्या. एका ठिकाणी नुसतं नाव, एका ठिकाणी आधी ‘पंडित’, तिसरीकडे त्याचं ‘पं.’ असं लघुरूप. प्लेअरच्या लेखी हे तीन वेगळे गायक. शिवाय गायकांची यादी वर्णानुक्रमाने लागते, त्यामुळे निम्मे गवई ‘पी’ या अक्षराखाली दाटीवाटीने उभे आणि सगळे उस्ताद ‘यू’खाली. मी सगळ्यांच्या पदव्या काढल्या. हात अडखळत होता, पण नावं सापडायला लागली.

क्रमाची कथा गीतरामायणाने शिकवली. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ही 56 गीतं 1955च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी ऐकवली गेली. आईला ती त्याच क्रमाने हवी होती. मी सगळी एकदम प्लेअरमध्ये ओतली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. “अगं, राम वनवासातून परत आल्यावर सीतास्वयंवर लागलंय.” स्वस्त प्लेअर गाणी वर्णानुक्रमाने लावत नाहीत, ज्या क्रमाने ती कार्डावर उतरली त्या क्रमाने लावतात. आणि जे वर्णानुक्रमाने लावतात, त्यांना 1 नंतर 10 येतो, 2 नव्हे. म्हणून आकडे 01, 02 असे लिहायचे आणि फाइली एकेक करून, ओळीने उतरवायच्या. 56 फाइली मी तशा उतरवल्या. प्रत्येक गीत ओळीत बसताना पाहिलं.

दीर्घ रागाला आणखी एक दुखणं असतं. सीडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन भाग पाडलेले असतात, मध्ये तानपुरा अखंड वाजत असतो. त्यांच्या दोन एमपी3 फाइली केल्या की जोडावर बारीकशी शांतता शिरते. कारण आवाज ठरीव मापाच्या तुकड्यांत बसवायचा असतो, आणि शेवटचा तुकडा अपुरा असला की रिकामी जागा भरून काढतात. त्या क्षणी तानपुऱ्याला उचकी लागल्यासारखं होतं. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे दोन्ही भाग आधीच जोडून एकच फाइल करणं. दुसरा म्हणजे रॉकबॉक्स. 2001च्या अखेरीस काही हौशी मंडळींनी सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर अनेक जुन्या प्लेअरमध्ये मूळ सॉफ्टवेअरच्या जागी घालता येतं. ते जोड बेमालूम वाजवतं, आणि पाऊण तासाच्या रागात जिथे थांबलात तिथे खूण ठेवतं. कंपन्यांनी सोडून दिलेल्या यंत्रांसाठी इतकी वर्षं फुकट राबणाऱ्या या लोकांबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे.

कॅसेटचं काम वेळखाऊ, कारण तिथे घाई चालतच नाही. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला, त्यातून तार संगणकाला जोडली आणि ऐकत बसले. काही कॅसेटमध्ये गायकाचा आवाज अनोळखी वाटला, जरा चढा, जरा कोवळा. कॅसेट भरताना वडिलांच्या यंत्राचा पट्टा सैल होता, ते हळू चालत होतं. त्यामुळे आता नीट वेगाच्या यंत्रावर सगळं वर सरकलं होतं. वेगात 6 टक्क्यांचा फरक पडला की अख्खी एक पट्टी बदलते, पांढरी एकची काळी एक होते. पेटीचे स्वर ठरलेले असतात, म्हणून साथीच्या पेटीवरून अंदाज घेत वेग उतरवला. तेव्हा ओळखीचा आवाज परत आला.

आता काळजीच्या दोन गोष्टी. पहिली कानांची. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास ही मर्यादा सांगितली आहे. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, त्यामुळे 90 डेसिबलला आठवड्याचे जेमतेम 4 तासच उरतात. लोकलमध्ये उभे राहून ऐकणारे गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवतात आणि नकळत तिथे पोचतात. कानात घट्ट बसणारी रबरी बोंडं घेतली तर खडखडाट बाहेर राहतो आणि आवाज कमी ठेवता येतो. दुसरी बॅटरीची. लिथियम बॅटरी पूर्ण रिकामी करून खणात टाकली की काही महिन्यांत इतकी उतरते की पुन्हा चार्जच घेत नाही. ठेवायचा असेल तर निम्मा चार्ज करून ठेवावा आणि अधूनमधून पाहावा. झाकण फुगलेलं दिसलं तर मात्र चार्जरला लावू नये.

अॅपलने 2022च्या मे महिन्यात शेवटचा आयपॉडही बंद केला. सोनी अजून वॉकमन या नावाने डिजिटल प्लेअर काढते, चिनी आणि कोरियन कंपन्याही काढतात. जुन्या आयपॉडची डिस्क काढून तिथे मेमरी कार्ड बसवणारे हौशी लोकही आहेत. फोनवर सगळं संगीत मिळत असताना हे कशाला, असं मला विचारतात. फोनवरचं गाणं करार संपला की यादीतून जातं. आणि वडिलांनी आकाशवाणीवरून भरून घेतलेला यमन मला कुठल्याच यादीत मिळालेला नाही.

तो यमन साठच्या कॅसेटवर आहे, दोन्ही बाजूंना. अर्ध्या तासाने पहिली बाजू संपली, वडिलांनी कॅसेट उलटली, तोवर रेडिओवर गाणं पुढे गेलं होतं. किती आवर्तनं गेली ते कळायला मार्ग नाही. फाइल करताना मी दोन्ही बाजू समेवर अशा जुळवल्या की ठेका तुटत नव्हता. जोड माझा मलाही सापडेना. आईला ऐकवला. ती मटार सोलत होती. त्या जागी आली आणि तिचे हात थांबले.

“इथलं काय झालं?”

“जोडलंय मी. तिथे कॅसेट संपत होती ना.”

“मग तसंच ठेव ना. इथं ते उठायचे.”

मी जोड उसवला आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये चार सेकंदांची शांतता ठेवली. ऐकून ती म्हणाली, “एवढ्यात कुठे उलटून व्हायची?” मग आठ केली.